व्हिलनला शेवटच्या खोलीत बसवून ठेवू नका

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ, आणि त्यात मी डीएम, म्हणजे गोष्ट आणि व्हिलन चालवणारी. पाच प्लेयर, लेव्हल नऊ, आठ महिने चाललेलं कॅम्पेन (अनेक बैठकांची एक सलग गोष्ट), आणि ज्याच्यापर्यंत पोचायला एवढं सगळं केलं तो जादूगार पहिल्याच राउंडमध्ये मेला. मी त्याला आर्चमेजचा (महाजादूगाराचा) स्टॅट ब्लॉक, म्हणजे आकड्यांचा तक्ता, दिला होता, डी अँड डीच्या २०१४ च्या नियमांमधला, चॅलेंज रेटिंग (किती अवघड) १२, हिट पॉइंट (किती मार सोसेल) ९९. कागदावर माणूस भारी दिसतो. प्रत्यक्षात मंकने पहिल्याच टर्नला स्टनिंग स्ट्राइक, म्हणजे समोरच्याला बधिर करणारा ठोसा, मारला. आर्चमेजला स्पेलविरुद्धच्या (मंत्राविरुद्धच्या) सेव्हला, म्हणजे वाचण्यासाठी टाकायच्या फाशाला, अ‍ॅडव्हान्टेज असतो, पण हा मंकचा ठोसा, स्पेल नाही, त्यामुळे तो काही कामाला आला नाही, कॉन्स्टिट्यूशनला त्याचे मुळात +१, समोर डीसी (गाठायचा आकडा) १५, गेला. मग पॅलाडिनचे दोन वार, दोन्हीवर तिसऱ्या लेव्हलचे स्माइट (जादूचा जादा मार), म्हणजे सरासरी ५८ डॅमेज. मग आमची चोर, स्नीक अटॅकचे पाच डाइस, अजून पंचवीस-सव्वीस. उरलेले पंधरा फायटरने संपवले.

टेबलावर आरडाओरडा झाला, सगळे खूश, मलाही त्यांच्यासाठी बरं वाटलं. पण निघताना पायात चपला घालता घालता एकीने विचारलं, "अगं, त्याचं नाव काय होतं?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून आठवडाभर गेला नाही. हिट पॉइंट कमी पडले हे खरंच, त्याच्यावर पुढे लिहिलंय, पण ९९ च्या जागी ४०० दिले असते तरी तिने हाच प्रश्न विचारला असता, फक्त दीड तास उशिरा. कारण आठ महिन्यांत तो माणूस त्यांना एकदाही भेटला नव्हता. मी त्याचा सगळा इतिहास लिहिला होता, अकरा पानं, आणि त्यातलं टेबलावर काहीच आलं नव्हतं. तो शेवटच्या खोलीत बसून वाट बघत होता.

त्यानंतर मी व्हिलन बनवायची पद्धत पूर्ण बदलली आणि त्या पद्धतीने बनवलेली व्हिलन अजून आमच्या ग्रुपमध्ये बोलण्यात येते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. नवीन डीएम असाल तर एकदम सगळं करायला जाऊ नका, पहिले दोन भाग केले तरी फरक पडेल.

पहिली गोष्ट, त्याला काय हवंय. "जगावर राज्य करायचंय" हे उत्तर चालत नाही, कारण त्यातून तो उद्या सकाळी उठून काय करणार ते कळत नाही. मी हाच प्रश्न विचारते: उद्या सकाळी उठल्यावर हा माणूस कुठे जाईल, कोणाला भेटेल, काय मागेल? उत्तर आलं तर व्हिलन तयार आहे, नाही आलं तर अजून नुसतं नाव आहे. आपल्याला याची उदाहरणं बाहेर शोधायची गरजच नाही. रावण बघा. बहिणीचा अपमान झालाय हे कारण आहे, ब्रह्मदेवाचा वर आहे, सोन्याची लंका आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरात माणसं आहेत. एक भाऊ समजावून थकतो आणि सोडून जातो, दुसऱ्याला पटत नाही तरी तो भावासाठी लढून मरतो, बायको रोज सांगते की सीतेला परत पाठवा. बिभीषण, कुंभकर्ण, मंदोदरी. तुमच्या व्हिलनच्या भोवती अशी तीन माणसं ठेवा, एक फुटेल असा, एक मरेपर्यंत साथ देईल असा, एक प्रेम करणारा पण मान्य नसलेला. पार्टी, म्हणजे प्लेयरच्या कॅरॅक्टरची टोळी, व्हिलनपर्यंत पोचायच्या आधी या तिघांपर्यंत पोचते आणि त्यांच्या तोंडून व्हिलन मोठा होत जातो.

माझी व्हिलन अशी होती. समुद्राकाठचं एक गाव, शंखबंदर. देवळासमोर दगडी दीपमाळ, आणि ती रोज संध्याकाळी पेटवणारी बाई, अंबुजा. दीपमाळ पेटलेली असेपर्यंत समुद्र गावात येत नाही. तीस वर्षांपूर्वी एका रात्रीत अर्धं गाव पाण्याखाली गेलं, त्यात हिचा मुलगा गेला, त्यानंतर हिने कोणाशी तरी करार केला आणि तेव्हापासून दिवे तेलावर जळत नाहीत, माणसांच्या आठवणींवर जळतात. गावात कोणी उपाशी नाही, कोणी बुडत नाही, फक्त म्हातारा कोळी स्वतःच्या मुलीला हाक मारताना अडखळतो. पार्टी गावात पहिल्यांदा गेली तेव्हा मी फक्त एवढंच दाखवलं. म्हातारा, मुलगी, आणि तिचं नाव न आठवून त्याने "पोरी" म्हणून मारलेली हाक. कोणी इन्साइटचा (समोरच्याच्या मनातलं ओळखायचा) रोलसुद्धा मागितला नाही, पण तिसऱ्या सेशनला त्यांना तो म्हातारा आठवला.

अंबुजाला काय हवंय ते एका वाक्यात सांगता येतं: परत कोणाचं मूल बुडू नये. आणि उद्या सकाळी ती काय करणार? शेजारच्या गावात जाणार आणि तिथेही दीपमाळ बांधायला सांगणार. कारण किनारा लांब आहे आणि आठवणी संपत आल्यात.

यातूनच दुसरी गोष्ट येते, मी त्याला व्हिलनचं कॅलेंडर म्हणते. पार्टीने काहीच केलं नाही, दारूच्या गुत्त्यात बसून राहिली, तर काय काय घडेल ते क्रमाने लिहून काढायचं, पाच-सहा ओळींत, जास्त नाही. माझ्या वहीत असं होतं:

पहिली अमावस्या, शेजारच्या गावात दीपमाळेचा पाया खणतात.
दुसरी, तिथला पुजारी विरोध करतो आणि आठवड्याने त्याला आपण विरोध का करत होतो तेच आठवत नाही.
तिसरी, दीपमाळ पेटते, त्या गावातली मुलं झोपेतून उठतात तेव्हा आईला ओळखत नाहीत.
चौथी, राजधानीतून अंबुजाला बोलावणं येतं, राणीलाही किनारा वाचवायचाय.
पाचवी, राजधानीतली दीपमाळ.

मग दर सेशननंतर पाच मिनिटं बसायचं आणि स्वतःला विचारायचं, पार्टीने यातलं काही अडवलं का? नसेल अडवलं तर पुढची ओळ खरोखर घडू द्यायची. इथे बरेच डीएम कच खातात. दया येते, वाटतं प्लेयरना अजून एक चान्स देऊ. माझ्या पार्टीने दुसऱ्या आणि तिसऱ्या अमावस्येच्या मधे एका गुहेत ड्रॅगनचं अंडं शोधण्यात दोन सेशन घालवले, त्यांची मर्जी, मजा आली त्यात, पण परत आले तेव्हा शेजारच्या गावात दिवा पेटलेला होता आणि त्यांच्या ओळखीचा पुजारी त्यांना "आपण कोण?" म्हणाला. त्यानंतर मला एकदाही सांगावं लागलं नाही की ही बाई धोकादायक आहे. व्हिलन ताकदवान वाटतो तो इथे, लढाईत नाही. तुम्ही बघत नव्हतात तेव्हाही तो काम करत होता, हे प्लेयरला कळतं त्या क्षणाला.

१९८३ साली ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांनी रेवनलॉफ्ट हे डी अँड डीचं साहस लिहिलं तेव्हा त्यातल्या स्ट्राड या व्हॅम्पायरला त्यांनी एका खोलीत डांबून ठेवलं नाही, त्याला स्वतःचे हेतू दिले आणि पार्टी वाड्यात फिरत असताना तो येऊन त्यांना गाठू शकतो, छळू शकतो, निघून जाऊ शकतो. चाळीस वर्षं होऊन गेली तरी लोक तो व्हिलन चालवतात त्याचं मोठं कारण मला तरी हेच वाटतं.

आता भेटवायचं कसं, कारण भीती खरी असते. व्हिलन समोर आला की पार्टी तलवार काढणार. आणि तुम्ही "तुमचा वार आरपार जातो, तो हसतो आणि नाहीसा होतो" असं काहीतरी केलंत की प्लेयरचा तुमच्यावरचा विश्वास गेलाच म्हणून समजा, तो परत मिळवायला खूप वेळ लागतो. नियमात बसेल असंच करा, नियमात भरपूर आहे. ड्रीम स्पेल घ्या, पाचव्या लेव्हलचा. ओळखीच्या माणसाच्या स्वप्नात जाता येतं, बोलता येतं, आणि भयंकर रूप घेऊन गेलं तर निरोप फक्त दहा शब्दांचा, पण सेव्ह फेल गेला तर त्या माणसाला झोपेचा फायदाच मिळत नाही, वर ३ डी ६ (सहा बाजूंचे तीन फासे) डॅमेज. सेंडिंगने पंचवीस शब्दांचा निरोप कुठेही पोचतो. स्वतःची प्रतिकृती बनवायला सिम्युलेक्रम आहे, दुरून स्वतःची प्रतिमा दाखवायला प्रोजेक्ट इमेज आहे. डायमेन्शन डोअरने ५०० फूट पळता येतं, फक्त लक्षात ठेवा की पार्टीत काउंटरस्पेलवाला (दुसऱ्याचा स्पेल हाणून पाडणारा) असेल तर त्याची रेंज ६० फूट आहे आणि त्याला व्हिलन दिसावा लागतो, म्हणजे व्हिलनला आधीपासून सत्तर फुटांवर उभं करा, नाहीतर खांबाआड.

पण मला विचाराल तर जादूपेक्षा चांगला उपाय म्हणजे चारचौघांत भेटवणं. अंबुजा पहिल्यांदा भेटली ती देवळाच्या ओसरीवर पंगतीला वाढताना. पार्टी शस्त्रं घेऊन आत आली तर जेवणारी शंभर माणसं उठून तिच्यासमोर उभी राहिली, बायका, पोरं, तो म्हातारा कोळीसुद्धा. कोणी काही बोललं नाही. पॅलाडिनच्या प्लेयरने स्वतःच सांगितलं की मी तलवार म्यान करतो. मग अंबुजाने त्यांनाही पानावर बसवलं.

आणि जेवताना तिने फायटरसमोर भात वाढत एक चाल गुणगुणली. मी खरंच गुणगुणले, टेबलावर, दोन ओळी. ती चाल त्या प्लेयरने दुसऱ्या सेशनला सहज बोलता बोलता गुणगुणून दाखवली होती, त्याच्या कॅरॅक्टरची आई जाळं विणताना म्हणायची म्हणून, पाच महिन्यांपूर्वी. मी तेव्हाच ती फोनवर रेकॉर्ड करून ठेवली होती. तो प्लेयर आमच्यात व्हिडिओ कॉलवरून असतो, स्क्रीनवर मला दिसलं की तो एकदम पुढे सरकला. "हे तिला कसं माहीत?" म्हणाला. बाकी चौघं गप्प. मग कोणीतरी हळूच म्हणालं, "तुझी आई इथलीच होती ना?" बस, तिथून पुढे ती व्हिलन माझी राहिली नाही, त्यांची झाली.

म्हणून एक वेगळी वही ठेवा, त्यात व्हिलनबद्दल काही लिहू नका, प्लेयर आपल्या कॅरॅक्टरबद्दल जे बोलतात ते लिहा. आईची चाल, भावाची काठी, पहिल्यांदा खोटं बोललो तो दिवस. बॅकस्टोरीत लिहून दिलेलं सगळेच वापरतात, पण खेळताना तोंडातून निघून गेलेलं वापरलंत तर ते जिथे लागायचं तिथे लागतं. एकच, आणि हे फार गंभीरपणे सांगते, कॅम्पेन सुरू करायच्या आधी प्रत्येकाला वेगळं विचारा की कशाला हात लावायचा नाही. माझ्या एका प्लेयरने सांगितलं होतं की आजोबांना विसरण्याचा आजार होता, तेव्हा म्हाताऱ्या माणसाचं विसरणं माझ्या कॅरॅक्टरच्या घरात आणू नकोस. गावातला कोळी चालेल, घरात नको. मी तिला दोनदा विचारून खात्री केली आणि शेवटपर्यंत ते पाळलं. व्हिलन क्रूर असावा, डीएम नसावा.

आता ताकदीचं बोलू. व्हिलनला हरवता येऊ नये असं वाटत असेल तर हिट पॉइंट वाढवण्याआधी त्याला एक वर द्या. हिरण्यकश्यपूचा वर आठवा, ना दिवसा ना रात्री, ना घरात ना बाहेर, ना माणसाकडून ना प्राण्याकडून. वरवर बघता पूर्ण बंदोबस्त, पण त्या वरातच उंबरठा आणि संध्याकाळ लपलेली आहे. जरासंधाला भीमाने उभा चिरला तरी दोन्ही भाग परत जुळायचे, कृष्णाने काडी मधोमध चिरून तुकडे उलट्या बाजूंना टाकले तेव्हा भीमाला कळलं. आणि लहानपणी ऐकलेला तो राक्षस, ज्याचा जीव सात समुद्रापलीकडच्या पोपटात असतो, तो म्हणजे लिच (मेल्यावरही न संपणारा जादूगार) आणि त्याची फायलॅक्टरी (जीव लपवलेली वस्तू), दुसरं काय. या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे, नुसत्या ताकदीने भागत नाही, काहीतरी कळावं लागतं. आणि जे कळावं लागतं ते शोधण्यात कॅम्पेनचे चार-पाच सेशन आरामात जातात.

अंबुजाचा वर असा होता: ती शून्यावर आली की दीपमाळेवरचा एक दिवा विझतो आणि ती ६० हिट पॉइंट घेऊन परत उभी राहते. दिवे सात. आणि पोपट म्हणजे तिच्या मुलाचं नाव. करार करताना पहिली आठवण तिने स्वतःचीच दिली होती, त्यामुळे आपण हे सगळं कोणासाठी सुरू केलं तेच तिला आठवत नाही. दीपमाळेखाली ते नाव कोणी मोठ्याने घेतलं की वर तुटतो. ते नाव तीन ठिकाणी ठेवलं होतं, वाळूत रुतलेल्या एका जुन्या होडीवर कोरलेलं, देवळाच्या तेलाच्या हिशोबाच्या वहीत, आणि ती होडी ज्या बाईने विकली होती तिच्या तोंडी. तीन ठिकाणी कारण प्लेयर एक वाट चुकवतात, दुसरीचा उलटा अर्थ लावतात आणि तिसरी सापडते. माझ्या पार्टीने होडीवर चक्क झोप काढली आणि नाव वाचलं नाही, वहीत सापडलं त्यांना.

आणि शेवटी लढाई. आकडे असे बघा. पाच प्लेयर म्हणजे एका राउंडला पाच टर्न, व्हिलनची एक, तीन राउंडमध्ये पंधराला तीन. एकटा व्हिलन यात टिकतच नाही, कितीही मोठा असो. म्हणून लेजेंडरी अ‍ॅक्शन द्या, राउंडला तीन, दुसऱ्या कोणाची टर्न संपली की एक वापरायची. मी अंबुजाला साधे तीन प्रकार दिले होते, सरकणं, आगीचा फटका, आणि दोन अ‍ॅक्शन खर्चून आठवण ओढणं. लेजेंडरी रेझिस्टन्सही (फेल गेलेला सेव्ह पास धरायची सोय) तीन द्या, नाहीतर पहिल्याच होल्ड मॉन्स्टरला (जागच्या जागी खिळवणाऱ्या स्पेलला) खेळ संपला, पण त्यात एक त्रास आहे, प्लेयरचा चांगला स्पेल वाया गेल्यासारखा वाटतो. त्याला काहीतरी किंमत जोडा आणि ती टेबलावर दिसू द्या. माझ्याकडे प्रत्येक रेझिस्टन्सला दीपमाळेवरचा एक दिवा विझत होता, म्हणजे पुढे तिला उभं करणारा एक दिवा कमी. मी खरोखरच्या सात पणत्या मांडल्या होत्या. विझार्डचा स्पेल लागला नाही तरी एक पणती विझली हे सगळ्यांना दिसलं, आणि विझार्डवाली नाराज व्हायच्या ऐवजी पुढचा स्पेल शोधायला लागली.

हिट पॉइंटचा हिशोब पुस्तकात बघू नका, आपल्या टेबलावर बघा. मागच्या तीन लढायांत पार्टीने राउंडला सरासरी किती डॅमेज दिलं ते लिहा. आमचं तेव्हा लेव्हल अकरा होतं आणि साधारण १०० यायचं. लढाई चार राउंड चालावी असं वाटत असेल तर ४०० लागतील, पण त्यांना मारामारीशिवाय दुसरं काम दिलंत तर त्यातल्या दोन-तृतीयांशात भागतं. मी २६० दिले. दुसरं काम म्हणजे पाणी. इनिशिएटिव्ह (टर्नचा क्रम) २० ला, व्हिलनच्या जागेचीच चाल असते ती लेअर अ‍ॅक्शन, समुद्र देवळाच्या घाटाची एक पायरी वर चढतो, आणि एखादा दिवा विझलेला असेल तर दोन. वर गावची माणसं अडकलेली. म्हणजे दिवे विझवल्याशिवाय ती मरत नाही आणि विझवले तर पाणी गावात शिरतं. पाचातले दोघं पूर्ण वेळ लोकांना ओढून काढत होते. लढाई साडेचार राउंड चालली, घड्याळात दोन तास, आणि कोणी फोन हातात घेतला नाही.

आठवण ओढण्याचा नियम एवढाच: कॅम्पेनच्या मधल्या टप्प्यावर प्रत्येकाने तीन कार्डांवर कॅरॅक्टरच्या तीन आठवणी लिहून ठेवल्या होत्या, प्रत्येक आठवणीला एक स्किल जोडलेलं. विज्डम सेव्ह गेला की एक कार्ड मोठ्याने वाचायचं आणि पितळी वाटीत टाकायचं, त्या स्किलचं प्रोफिशियन्सी (सराईतपणा) गेलं. चोराला बापाने पोहायला शिकवलं होतं, ते कार्ड गेलं तेव्हा ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. हे मी ठरवून केलं नव्हतं, फासे तसे पडले.

नाव फायटरने घेतलं. ओरडून नाही, पंगतीत अंबुजा बोलली होती तसं हळू आवाजात. नियमाप्रमाणे वर तुटला आणि तिच्याकडे अजून एकतीस हिट पॉइंट शिल्लक होते, पुढची टर्न पॅलाडिनची होती, आणि त्याने वार केला नाही. असं होईल याची तयारी ठेवा. चांगला व्हिलन असेल तर पार्टीतलं कोणीतरी ऐन वेळी त्याला मारायला नकार देतं, आणि तेव्हा तुमच्याकडे उत्तर हवं. माझ्याकडे नव्हतं, मी दहा मिनिटांचा चहाचा ब्रेक घेतला, गॅसजवळ उभी राहून विचार केला की हिला उद्या सकाळी काय हवं असेल, आणि परत येऊन सांगितलं की ती उठते, उरलेले दिवे स्वतःच्या हाताने विझवते आणि पाण्यात अडकलेल्या लोकांना बाहेर काढायला खाली उतरते.

वाटीतल्या चार कार्डांचं काय करायचं ते मी प्लेयरवर सोडलं. तिघांनी आपली परत घेतली. चोरवालीने तिचं घेतलं नाही, म्हणाली बापाने शिकवलेलं गेलं ते गेलं, आता फायटरकडून नव्याने शिकेन. पुढच्या सेशनचा पहिला अर्धा तास त्या दोघांच्या पोहण्यातच गेला.